शिल्लक वाढत गेली, पैसा आटत गेला : एका शिक्षक-पालक संघाच्या सहा वर्षांचा हिशेब

सहाव्या वर्षाच्या अखेरीस संघाच्या कीर्दीत, म्हणजे जमाखर्चाच्या वहीत, ४५ शिल्लक होते. मैदानावर खेळणी बसवणाऱ्या कंत्राटदाराला ४० द्यायचे होते. नव्या खजिनदारबाईंनी वजाबाकी केली, ५ उरतात हे पाहिलं आणि चेकबुक बाहेर काढलं. चेक लिहिण्याआधी त्यांनी मागची पावतीपुस्तकं चाळायला घेतली. दोन आठवड्यांनी आकडा निघाला : उरत काहीच नव्हतं, उलट १६ कमी पडत होते.

हे प्रकरण हिशेब समजावण्यासाठी रचलेलं आहे, त्यामुळे यात कुठल्या शाळेला शोधू नये. रकमा चलनात न देता एककांत दिल्या आहेत. पहिल्या वर्षाची एकूण जमा म्हणजे १०० एकक, आणि बाकी सगळं त्या प्रमाणात. संघ मात्र नेहमीचाच आहे : दरवर्षी बदलणारी समिती, हौसेने काम करणारे पालक, एक मोठा आनंदमेळा, वर्गणी, आणि घरचं-दारचं सांभाळून रात्री हिशेब लिहिणारा खजिनदार.

आधी सहा वर्षांचा जमाखर्च. वार्षिक सभेत पालकांपुढे दरवर्षी एवढंच यायचं :

| वर्ष | आरंभीची शिल्लक | जमा | खर्च | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | २० | १०० | ९० | ३० |
| २ | ३० | ११५ | ९५ | ५० |
| ३ | ५० | १७० | १०० | १२० |
| ४ | १२० | १२५ | ११० | १३५ |
| ५ | १३५ | ७० | १२५ | ८० |
| ६ | ८० | १०५ | १४० | ४५ |

तक्ता खरा आहे. बेरजा बरोबर आहेत, एकही रक्कम खोटी नाही. सभेत तो वाचला की टाळ्या पडायच्या, कारण पहिली चार वर्षं शेवटच्या रकान्यातला आकडा चढताच होता. पाचव्या वर्षी तो उतरला तेव्हा एका वर्षाचा अपघात म्हणून सोडून दिला. सहाव्या वर्षी मात्र पालकांच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली : पैसे गेले कुठे?

चांगली म्हणून गाजलेली तीन वर्षं

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ पाचव्या-सहाव्या वर्षात नाही, पहिल्या तिनांत आहे. म्हणून तिथे जरा थांबतो.

पहिल्या वर्षी मेळ्यातून ६० जमा झाले, वर्गणीतून ३०, किरकोळ १०. दुसऱ्या वर्षी मेळा ७० वर गेला, तिसऱ्या वर्षी ८० वर. समितीचा सगळा अभिमान या चढत्या आकड्यात होता. मेळ्याचा खर्च किती झाला, हे खर्चाच्या बाजूला वेगळं लिहिलेलंच नव्हतं. मांडव, खुर्च्या, बक्षिसं, छपाई असं ते चार-पाच शीर्षकांखाली विखुरलेलं होतं. ते गोळा केल्यावर पहिल्या वर्षीचा खर्च १८ निघाला, दुसऱ्या वर्षीचा २८, तिसऱ्या वर्षीचा ३८. म्हणजे निव्वळ हाती आलेला पैसा तिन्ही वर्षं ४२ च. मेळा दरवर्षी दहाने मोठा होत होता आणि वाढलेले दहाच्या दहा मांडववाल्याकडे आणि बक्षिसांच्या दुकानाकडे जात होते.

आता हेच एकूण खर्चाला लावून पाहा. पहिल्या वर्षीच्या ९० मधून मेळ्याचे १८ वजा केले की मुलांसाठी झालेला खर्च ७२ उरतो. दुसऱ्या वर्षी तो ६७, तिसऱ्या वर्षी ६२. जमा वाढली, शिल्लक वाढली, आणि ज्या कामासाठी संघ काढला त्यावरचा खर्च तीन वर्षांत दहाने घटला. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. विज्ञान सहलीची बस महाग पडते म्हणून एका वर्षी सहल राहिली, पुढच्या वर्षी तिची आठवण कुणाला राहिली नाही. वाचनपेटीची पुस्तकं 'यंदा राहू द्या' म्हणून राहिली. नकार देणं खजिनदाराला सोपं जातं, कारण नकाराची पावती फाडावी लागत नाही.

मेळ्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पालक एकमेकांना ओळखायला लागतात ते मेळ्यातच, आणि ते मोल जमाखर्चात येत नाही. पण मग तो ओळखीचा सोहळा म्हणून करावा आणि त्याचा खर्च तसा दाखवावा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय पीटीएचा, म्हणजे तिथल्या पालक-शिक्षक संघांच्या संघटनेचा, '३ ला १' असा एक सल्ला आहे : पैसा उभा करण्यासाठी एक कार्यक्रम केला, तर किमान तीन असे करा ज्यांतून पैसा काढायचा नाही. या संघाचं वर्षाचं वेळापत्रक पाहिलं तर मेळ्याची तयारी, मेळा आणि मेळ्याचा हिशेब यांतच वर्ष सरायचं.

४० कुठे हरवले

तिसऱ्या वर्षाच्या १७० जमेत १३० नेहमीचे होते आणि ४० वेगळे. मैदानावरची जुनी घसरगुंडी गंजली होती. समितीने खास आवाहन करून नव्या खेळण्यांसाठी ४० गोळा केले. काम लगेच व्हायचं होतं, पण शाळेच्या कुंपणाचं बांधकाम मध्ये आलं आणि खेळणी 'पुढच्या सत्रात' गेली.

त्या वेळचे खजिनदार हाताने कीर्द लिहायचे. त्यांच्या वहीतलं ते पान नीटनेटकं आहे : तारीख, पावती क्रमांक, रक्कम, आणि शेवटच्या नोंदीशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलेलं 'मैदान – वेगळे ठेवणे'. त्याखाली दोन रेघा. वेगळं खातं मात्र नव्हतं, वेगळा रकानाही नव्हता. पैसे त्याच बँक खात्यात गेले आणि वर्षाअखेरच्या १२० मध्ये मिसळले.

चौथ्या वर्षी खजिनदार बदलले. नवे गृहस्थ संगणकात पटाईत होते. त्यांनी स्प्रेडशीट केली आणि वहीतून एकच आकडा उचलला : आरंभीची शिल्लक १२०. वही कपाटात गेली, पेन्सिलीचा शेरा तिच्यासोबत गेला. यात त्यांची लबाडी नव्हती. एकेरी नोंदीत पैसा किती आहे तेवढंच कळतं, तो कोणासाठी आहे हे कळायला दुसरी बाजू लागते. प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी लिहायची दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने छापून मांडली १४९४ साली, म्हणजे साधन हाताशी नव्हतं असं म्हणायला जागा नाही. अर्थात एवढ्याशा संघाला पूर्ण दुहेरी नोंद ठेवायला सांगणं हे मलाही जास्तीचंच वाटतं. शिल्लक लिहिताना तिची दोन ओळींत फोड केली असती तरी काम भागलं असतं : मैदानाचे ४०, संघाचे ८०.

हेतू सांगून घेतलेला पैसा त्याच हेतूला लावायचा, हे विश्वस्त व्यवहाराचं जुनं तत्त्व आहे. ते ४० संघाकडे होते, संघाचे नव्हते. हा फरक पुसला गेला आणि पुढचे सगळे निर्णय पुसलेल्या आकड्यावर झाले.

चौथं आणि पाचवं वर्ष

चौथ्या वर्षी मेळ्याचा फुगा उतरायला लागला. जमा ७८, खर्च ४४, निव्वळ ३४. वर्गणी ३६, किरकोळ ११. पण वर्षाअखेरची शिल्लक १३५ दिसत होती, आतापर्यंतची सर्वात मोठी. त्याआधी सत्राच्या मध्यावरच सभेत प्रश्न आला होता की एवढे पैसे पडून का आहेत, आणि प्रश्न रास्त होता. पालकांनी दिलेला पैसा त्यांची मुलं शाळेत असतानाच वापरला जावा, ही अपेक्षा चुकीची कशी म्हणणार?

उत्तर म्हणून समितीने ग्रंथालयात एक मदतनीस बाई नेमली. मेहनताना वर्षाला ३०. त्या वर्षी अर्ध्या सत्रापासून, म्हणून १५ च लागले. ग्रंथालय दुपारीही उघडं राहू लागलं आणि या सहा वर्षांत संघाने केलेलं बहुधा सर्वात चांगलं काम तेच.

अडचण निर्णयात नव्हती, तो कशाच्या जोरावर घेतला त्यात होती. साठलेल्या पैशातून एकदा घ्यायची वस्तू घेता येते. दरवर्षी द्यायचा मेहनताना दरवर्षीच्या जमेतून निघायला हवा. चौथ्या वर्षी जमा १२५, खर्च ११०, म्हणजे १५ उरले. मदतनीस बाईंचे पूर्ण वर्षाचे ३० धरले असते तर वर्ष बरोबर शून्यावर आलं असतं, आणि तेही मेळा झालेल्या वर्षी. हा हिशेब कागदाच्या पाठीवर दोन मिनिटांत होतो. तो झाला नाही, कारण सगळ्यांची नजर १३५ वर होती, आणि त्या १३५ मधले ४० मैदानाचे होते.

पाचव्या वर्षी मेळ्याच्या आदल्या दिवशी पाऊस कोसळला आणि मेळा रद्द झाला. मांडव आणि इतर आगाऊ रकमांचे १४ बुडाले. समितीने घाईघाईने पालकांना पत्र पाठवलं : मेळा होऊ शकला नाही, ज्यांना शक्य आहे त्यांनी थेट देणगी द्यावी. २५ आले. पत्राचा खर्च १. निव्वळ २४.

हा २४ लक्षात ठेवा. सहाव्या वर्षी पुन्हा थाटामाटात मेळा झाला : जमा ६६, खर्च ४५, निव्वळ २१. चाळीस-पन्नास पालकांनी महिनाभर राबून जे उभं केलं, त्याहून तीन एकक जास्त एका पत्राने आणले होते. अडचणीच्या वर्षी लोक हात सैल सोडतात हे खरं, दरवर्षी तेवढं येईलच असं नाही. तरी हा आकडा सभेपुढे कधी ठेवलाच गेला नाही. पत्रातून आलेले पैसे 'देणगी – इतर' मध्ये गेले, तिथेच राहिले.

त्याच वर्षी २८ चा ध्वनिसंच घेतला. कारण पुन्हा तेच : शिल्लक भरपूर आहे. १४ बुडाले, ३० मेहनताना, २८ ध्वनिसंच, ५३ नेहमीचे उपक्रम, मिळून १२५. जमा ७०. एका वर्षात ५५ चा खड्डा पडला, आणि वार्षिक अहवालात वाक्य होतं, 'संघाची आर्थिक स्थिती समाधानकारक आहे.'

पैसे खाल्ले कोणी?

सहाव्या वर्षी आलेल्या खजिनदारबाई तिसऱ्या. एका पालकाने पासबुकाचं पान कुठेतरी पाहिलं होतं. पासबुकात ५१, आणि समितीच्या अहवालात ४५. सहाचा फरक. एवढं पुरलं. सभेत एका वडिलांनी उभं राहून विचारलं, "मॅडम, फिरवून सांगू नका. पैसे खाल्ले कोणी?"

मॅडमनी उत्तर देण्याऐवजी मुदत मागितली, हे त्यांनी फार बरं केलं. मग त्यांनी जे काम वर्षानुवर्षं झालं नव्हतं ते आधी केलं : बँकेशी ताळमेळ. पासबुक आणि कीर्द शेजारी ठेवून एकेक नोंद पेनाने खूण करत जुळवली. सहाचा फरक दोन चेकचा निघाला. एक चेक पुस्तकविक्रेत्याला दिलेला, त्याने अजून भरला नव्हता. दुसरा स्पर्धेच्या खर्चापोटी एका शिक्षकांना दिलेला, तो त्यांच्या टेबलाच्या खणात, फाइलीच्या खाली पडून होता. चोरी झालेली नव्हती. मात्र या निमित्ताने चेकबुकात एका सहीचे चार कोरे चेक सापडले. अध्यक्ष गावाला जाताना 'अडायला नको' म्हणून सही करून गेले होते. दोन सह्यांचा नियम असतानाही प्रत्यक्षात एकाच माणसाच्या हातात सगळं होतं. पैसा गेला नाही, तो नियमामुळे वाचला नाही. माणसं सरळ होती म्हणून वाचला.

चोरीचा संशय फिटल्यावर खरी तूट दिसायला लागली. पावतीपुस्तकांवरून कळलं की सहाव्या वर्षाच्या वर्गणीतल्या ३३ पैकी १२ पुढच्या वर्षाची आगाऊ वर्गणी होती. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात 'आत्ताच भरा' अशी मोहीम काढली होती. म्हणजे चालू वर्षाची वर्गणी २१ च, आदल्या वर्षी ती ३४ होती. पालकांचा विश्वास किती घसरला होता ते या आकड्यात दिसतं, आणि आगाऊ वर्गणीने तेच झाकलं होतं. दुसरीकडे, शाळेने सभागृहाच्या वापराचं आणि झेरॉक्सचं ९ चं बिल पाठवलं होतं. ते दिलं नव्हतं, म्हणून ते खर्चातही नव्हतं.

मग वहीतलं पेन्सिलीने लिहिलेलं पान मिळालं. ४५ मधून मैदानाचे ४० गेले, आगाऊ वर्गणीचे १२ गेले, शाळेचे ९ गेले. उणे १६.

मागे जाऊन हीच फोड प्रत्येक वर्षाला लावली तर संघाचा स्वतःचा पैसा असा दिसतो : तिसऱ्या वर्षाअखेर ८०, चौथ्या ९५, पाचव्या ४०, सहाव्या उणे १६. आजाराचं पहिलं लक्षण, म्हणजे मेळ्याचा निव्वळ ४२ वरून ३४ वर येणं, चौथ्या वर्षीच होतं, पण नाडी भलत्याच हाताची पाहिली जात होती.

निर्णय

समितीपुढे तीन वाटा होत्या. मैदानाचे ४० दैनंदिन खर्चाला वापरून खेळणी आणखी पुढे ढकलायची. ज्यांनी ते ४० दिले त्यांची परवानगी घेऊन हेतू बदलायचा. किंवा कंत्राटदाराला पूर्ण पैसे द्यायचे आणि उरलेल्या खड्ड्याला सामोरं जायचं.

पहिली वाट दोन-तीन जणांना आवडली होती, कारण तिच्यात कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. दुसरी प्रामाणिक होती, पण अव्यवहार्य. तीन वर्षं उलटली होती. देणाऱ्यांपैकी वरच्या वर्गांतल्या मुलांचे पालक शाळेतून कधीच बाहेर पडले होते. त्यांच्या मुलांना ती घसरगुंडी मिळाली नाहीच. निदान त्यांचा पैसा घसरगुंडीलाच लागावा, असं मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं आणि चर्चा तिथे मिटली. तिसरी वाट धरली. खेळणी बसली.

शाळेने ९ चं बिल हप्त्यांनी घ्यायचं कबूल केलं. मदतनीस बाईंना सत्र संपेपर्यंतचा मेहनताना ठरल्याप्रमाणे मिळाला. पुढच्या वर्षापासून निम्मे तास शाळेने उचलले, निम्मे संघाने. ही वाटाघाट सर्वात अवघड गेली आणि ती समितीने बाईंच्या समोर बसून केली, चिठ्ठी पाठवून नाही. ध्वनिसंच विकायचा प्रस्ताव आला होता, पण मिळणारी किंमत ऐकून मागे घेतला.

हिशेबाच्या पद्धतीत बदल थोडेच झाले. दर महिन्याला एक पान : बँकेत किती, त्यातले कोणत्या हेतूसाठी बांधलेले किती, पुढच्या वर्षाचे किती, द्यायचे किती, आणि उरलेले किती. सभेत शेवटचा आकडा आधी वाचायचा. प्रत्येक कार्यक्रमाचा जमा-खर्च एकाच जागी. कोरे चेक रद्द. ताळमेळ सही करणाऱ्यांपैकी कुणी करायचा नाही, तिसऱ्या पालकाने करायचा. आणि खजिनदार बदलताना जुन्याने नव्यासोबत बसून प्रत्येक शिलकीची फोड लिहून, दोघांनी सह्या करून द्यायची.

सातव्या वर्षाचं अंदाजपत्रक असं : वर्गणी ३४ (१२ आधीच आलेली, २२ यायची), देणगीचं पत्र निव्वळ २४, छोटा मेळा निव्वळ २० आणि त्याच्या खर्चाला २५ ची कमाल मर्यादा. मिळून ७८. खर्चाला मदतनीस बाईंचे १५ आणि मुलांच्या उपक्रमांना ४७, मिळून ६२. उरतात १६, आणि तेवढाच खड्डा आहे. सगळं जमलं तर वर्षाअखेर संघाचा स्वतःचा पैसा शून्य.

मला यातला कच्चा आकडा वर्गणीचा वाटतो. २१ वरून ३४ वर एका वर्षात जाणं सोपं नाही, आणि समितीने त्याला पर्याय लिहून ठेवला नव्हता. हिशेब तपासणाऱ्याने तसा शेरा मारला. उत्तरादाखल सभेत ठरलं की सत्राच्या मध्यापर्यंत वर्गणी २५ वर गेली नाही तर उपक्रमांचे ४७ कापून ४० करायचे, आणि कोणते सात कमी करायचे ते आत्ताच लिहून ठेवायचं. यादी करताना वाचनपेटीवर पुन्हा काट मारली जात होती. ती एका शिक्षकांनी हट्टाने बाहेर काढली आणि तिच्याऐवजी मेळ्याच्या बक्षिसांना कात्री लावली.

राखीव निधीचा प्रश्न आठव्या वर्षावर गेला. तीन महिन्यांचा खर्च निघेल एवढा, म्हणजे साधारण १५, बाजूला ठेवावा असं खजिनदारबाईंचं म्हणणं होतं. चोरीचा प्रश्न विचारणारे वडील पुन्हा उभे राहिले : परत साठवायला सुरुवात? त्यांचं समाधान झालं नाही, पण ठराव त्यांनीच सुचवलेल्या दुरुस्तीसह मंजूर झाला. राखीव १५ च्या वर गेला की जास्तीचा पैसा त्याच वर्षी मुलांवर खर्च करायचा, आणि १५ ला हात लावायचा तर आधी सभा बोलवायची.